प्रेमकादंबरीचा मोह आणि आपली समीक्षा

आमच्या तालुक्याच्या गावी मागासवर्गीय मुलींचे एक वसतिगृह आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी तिथे मराठी शिकवायला जातो. मागच्या पावसाळ्यात बारावीतल्या एका मुलीच्या वहीखाली मला सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ दिसली. पुठ्ठा निघालेला, पाने दोऱ्याने शिवलेली. पाचजणींचे वाचून झाले होते, सहावीचा नंबर लागला होता. मी मास्तरकीच्या सवयीने म्हणालो, “यात वेळ घालवण्यापेक्षा बाबुराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ वाच.” ती खाली बघत म्हणाली, “सर, ते वाचलंय. त्यातलं सगळं आमच्या घरातच आहे. पण ह्यात निदान मुलीला कोणीतरी विचारतं, तुला कोण आवडतं म्हणून.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी हे टिपण लिहितो आहे.

अशा कादंबऱ्यांविषयी प्रस्थापित समीक्षेचे मत ठरलेले आहे. ती त्यांना रंजनवादी म्हणते आणि पुढे जाते. आपण त्यांना पलायनवादी म्हणतो आणि पुढे जातो. शब्द वेगळे असले तरी तुच्छता एकच आहे. वाचणाऱ्या मुलीला काय हवे आहे, हे दोघांनीही विचारलेले नाही.

‘दुनियादारी’ १९८२ साली आली. पुण्यातले कॉलेज, कट्टा, मैत्री, मारामाऱ्या आणि प्रेम असा तिचा संसार आहे. २०१३ साली तिच्यावर चित्रपट निघाला आणि कॉलेजातल्या मुलांची आणखी एक पिढी तिच्याकडे वळली. ह्या ओढीचे कारण मला असे दिसते. इथे तरुणांचे म्हणणे पोरकट मानले जात नाही. मुलीच्या होकाराने किंवा नकाराने कथा वळते. आमच्या वसतिगृहातील मुलीच्या आयुष्यात मात्र शिकायचे किती, लग्न कधी आणि कोणाशी, हे सगळे तिच्या पाठीमागे ठरते. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेली मुलगी परत येत नाही. चौकशी केली की कळते, स्थळ आले होते. अशा मुलीला तिच्या पसंतीवर अडलेली गोष्ट वाचावीशी वाटते, ह्यात पळ काढणे कुठे आले?

ह्या कादंबऱ्या भडक असतात, नाट्य ओढूनताणून आणलेले असते, असा दुसरा आक्षेप आहे. तो पांढरपेशा वाचकाच्या बाबतीत खरा असेल. आमच्या मुलींच्या बाबतीत एक चिठ्ठी सापडली की नाव कमी होते. एस.टी. स्टँडवर कोणाशी बोलताना दिसली की महिन्याभरात हळद लागते. ज्यांच्या जगण्यात एका चिठ्ठीने आयुष्य उलथते, त्यांना ते नाट्य भडक वाटत नाही. ते त्यांना ओळखीचे वाटते.

माझा आक्षेप निराळा आहे. ह्या कादंबऱ्यांत प्रेमाच्या आड काय येते ते पाहा. गैरसमज, आईवडिलांतला दुरावा, मित्रांतले वैर, हट्ट, आजार, नियती. जात हा कथेचा प्रश्न होत नाही. मोह आहे तो इथेच. घटकाभर मुलीला अशा जगात वावरता येते, जिथे आडनाव विचारून कोणी थबकत नाही. आणि फसवणूकही इथेच आहे. २०१४ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे नितीन आगे ह्या सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारून टाकल्याचा आरोप झाला. २०१७ साली सारे आरोपी निर्दोष सुटले. तो कट्ट्यावर बसण्याच्याच वयाचा होता.

बाबासाहेबांनी १९१६ सालीच जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात दाखवले आणि १९३६ साली आंतरजातीय विवाह हा जातिनिर्मूलनाचा खरा उपाय म्हणून सांगितला. म्हणजे कोणी कोणावर प्रेम करावे, हा आपल्या चळवळीच्या गाभ्याचा प्रश्न आहे. तरीही आपण प्रेमकथा हलकी मानून रंजनवाल्यांच्या हवाली केली. आपल्या आत्मकथनांनी भूक, अपमान, गावकुसाबाहेरचे जिणे ह्यांची साक्ष दिली, ते काम थोरच होते. परंतु सोळा वर्षांच्या मुलीच्या मनातली पसंती त्यांत फार थोडी आली. ऊर्मिला पवारांनी ‘आयदान’मध्ये (२००३) आपले प्रेम आणि पुढचा संसार मोकळेपणाने मांडला, पण असे लेखन मोजकेच.

हे आपल्याला जमत नाही असेही नाही. अण्णा भाऊ साठे ह्यांनी ‘आवडी’त जातीच्या भिंतीशी भिडणारे प्रेम नाट्यमय, सर्वांना समजेल अशा भाषेत लिहिले. १९६९ साली त्यावर ‘टिळा लावते मी रक्ताचा’ हा चित्रपट निघाला. २०१६ साली नागराज मंजुळे ह्यांच्या ‘सैराट’ला खेड्यापाड्यांतून ट्रॅक्टर भरून माणसे आली. तीच गाणी, तीच नजरानजर, तीच पळापळ, आणि शेवटी जातीचा सुरा. रंजन होते म्हणून सत्य पातळ झाले नाही. उलट ते जिथे आपली भाषणे पोचत नाहीत तिथे पोचले.

तेव्हा आपल्या लेखकांना, आणि विशेषतः लेखिकांना, माझे सांगणे आहे. ह्या मुलींसाठी कादंबरी लिहा. तिच्यात प्रेम असू द्या, चिठ्ठ्या असू द्या, रडू आणि हसू असू द्या. फक्त जात लपवू नका. आणि मुलीला दर वेळी मारूही नका. प्रेमाची शिक्षा मरणच, एवढेच आपण सांगत राहिलो तर गावच्या पाटलाचा धाकच आपण पुढे चालवू. जातीशी झगडून जगलेली, शिकलेली, स्वतः निवडलेली अशी एक तरी नायिका तिच्या उशाशी असली पाहिजे.

त्या संध्याकाळी मी पुस्तक जप्त केले नाही. दोरा सुटला होता, तो नीट बांधून परत दिले. आता सातवीचा नंबर आहे.