राज्यव्यवहारकोश आणि समारंभाची शब्दकळा

राजसमारंभातील माणसांना आणि वस्तूंना कोणत्या नावाने संबोधावे, हा प्रश्न वरवर पाहता कोशकाराचा. वस्तुतः तो सत्तेच्या अधिमान्यतेचा असतो. ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेला शिवराज्याभिषेक आणि त्या सुमारास सिद्ध झालेला, परंपरेने रघुनाथपंडितांच्या नावावर असलेला ‘राज्यव्यवहारकोश’ यांचा विचार म्हणूनच एकत्र करावा लागतो.

अमरकोशाच्या धर्तीवर दहा वर्गांत रचलेल्या या कोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पेशवा ‘प्रधान’ झाला, मुजुमदार ‘अमात्य’, सुरनीस ‘सचिव’, डबीर ‘सुमंत’, तर सरनौबत ‘सेनापती’. या कार्याचा गौरव बहुधा भाषाशुद्धी म्हणून केला जातो. तो अनाठायी नसला, तरी अपुरा आहे. कोशाची खरी कसोटी त्यातील शब्दांच्या पुढील आयुष्यात पाहावयास हवी.

तशी पाहिली असता दोन प्रवृत्ती स्पष्ट होतात. राजाज्ञेने दिलेली पदनामे बऱ्याच अंशी रुजली. भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंतअमात्य, सेनापती दाभाडे या नावांत ती वंशपरंपरेने टिकली. अपवाद सर्वोच्च पदाचा! मुद्रेवर ‘मुख्यप्रधान’ कोरले गेले. लोकांच्या जिभेवर ‘पेशवा’च राहिला.

याउलट, समारंभात प्रत्यक्ष राबणाऱ्या सेवकांचे आणि त्यांच्या हातांतील वस्तूंचे शब्द फारसे बदलले नाहीत. चोपदार हा शब्द फारसी ‘चोब’ म्हणजे काठी यावरून आला. अब्दागीर हे ‘आफ्ताबगीर’चे मराठी रूप. भालदार या शब्दात तर देशी भाल्याला फारसी ‘दार’ प्रत्यय जडला आहे. वस्तूंची साक्षही अशीच संमिश्र आहे. राज्याभिषेकास उपस्थित असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाने सिंहासनाच्या दोन्ही बाजूंस सोन्याची मत्स्यशीर्षे, अश्वपुच्छे व भाल्याच्या टोकावरील सुवर्णतुला यांची नोंद केली आहे. यांतील मत्स्यचिन्ह मोगल दरबारातील माही-मरातबाशी नाते सांगते. विधी वैदिक होता, भाषा संस्कृत होत होती. राजचिन्हे मात्र समकालीन सत्तांना समजेल अशा बोलीत बोलत होती.

यात कोशकाराचे अपयश शोधणे अन्यायाचे ठरेल. पद हे आज्ञेने निर्माण होते, म्हणून त्याचे नाव आज्ञेने बदलता येते. वस्तूचे नाव हाताळणाऱ्यांच्या सवयीत वसते. तेथे आज्ञा पोहोचत नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात चोपदाराने दंड उंचावताच लक्षावधी वारकरी आजही शांत होतात. त्या शब्दाचे मूळ कोणी विचारीत नाही, कारण तो परका उरलेला नाही.

१९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयापासून विद्यापीठांच्या परिभाषा समित्यांपर्यंत सर्वांना या इतिहासातून बोध घेता येईल. कुलगुरू, कुलसचिव हे शब्द रुजले, कारण ती पदनामे होती. प्रत्येक वस्तूस नवे नाव देण्याचा आग्रह धरण्यापूर्वी, ती वस्तू ज्यांच्या हातात आहे त्यांचा शब्द ऐकणे हेच परिभाषाकाराचे पहिले कर्तव्य होय.