गोंदण: आजीचे आणि नातीचे

वसमत-कळमनुरीकडच्या आठवडी बाजारात एखाद्या म्हातारीचा हात पाहावा. मनगटावर तुळस, कपाळी नि हनुवटीवर हिरवे ठिपके. मेल्यावर दागिने लोक काढून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते, ही त्यामागची श्रद्धा. सुया, काजळ आणि पाल्याचा रस एवढ्यावर गरिबाच्या लेकीला न हरवणारा दागिना मिळे.

शाळा शिकलेल्या लेकीला मात्र तीच अडाणीपणाची खूण वाटू लागली. शब्दाचे नशीब वेगळे! शांता शेळके यांनी 1975 साली आपल्या कवितासंग्रहाला ‘गोंदण’ हेच नाव दिले. हाताला नकोसे झाले ते पुस्तकाच्या कपाळी शोभले.

आता नात ‘टॅटू’ काढते. त्याच्या विजेच्या यंत्राचे पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीने 1891 साली घेतले. सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या नातवाला तर गोंदण कोठे चालेल, हे नियमच सांगतो. आदिवासींच्या रूढीला तेवढी सवलत आहे.

जुन्याचे गोडवे गाणाऱ्यांना एक विचारावेसे वाटते. लहानग्या पोरीला धरून बसवताना तिची मर्जी कोणी विचारली होती काय? नात स्वतः ठरवते, एवढ्यापुरती ती आजीच्या पुढेच आहे. पण आजीची तुळस साऱ्या गावाला वाचता येई. नातीच्या चित्राचा अर्थ तिलाच सांगत बसावे लागते. निवड नातीची असावी, अर्थ आजीसारखा चारचौघांचा असावा. तेव्हा सुईपुढे हात धरण्याआधी नातीने आजीचा हात एकदा हाती घ्यावा.