सायकलीला गड दाखवण्याची गोष्ट

देवाने माणसाला डोंगर चढायला पाय दिले आणि उतरायला अक्कल दिली. 'माउंटन बायकिंग' या खेळात दोन्ही पायथ्याशीच ठेवाव्या लागतात, असे जळगावात बसून माझे ठाम मत होते. ते बदलण्याचा चंग धुळ्याच्या भाच्याने बांधला आणि एका रविवारी मला लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी नेऊन उभे केले.

"मामा, शास्त्र सोपं आहे. उतारावर बूड मागे न्यायचं. दोन्ही पेडलं एका पातळीत. पुढचा ब्रेक करकचून दाबायचा नाही. आणि दगडाकडे बघायचं नाही! ज्याच्याकडे बघाल त्याच्यावरच आदळाल."

हे शेवटचे मला पटले. उधारी थकलेल्या वाण्याकडे बघायचे नाही असे ठरवून मी आयुष्यभर त्याच्याच फळीवर आदळत आलो आहे.

चढ मी सायकल ढकलत चढलो. शेळ्या राखणारी एक म्हातारी म्हणाली, "काय भाऊ, सायकलले गड दखाडाले लई जाई राह्यनात का?"

माझी टीका खेळावर नाही, त्याच्या थाटावर आहे. 1976 साली कॅलिफोर्नियात माउंट तमालपाईसच्या परिसरात काही पोरांनी उतारावरची शर्यत सुरू केली, ती जुन्यापुराण्या, जाड टायरांच्या सायकलींवर. खाली पोचेस्तोवर मागच्या ब्रेकच्या हबमधले ग्रीस जळून धूर निघे, ते पुन्हा भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नावच 'रीपॅक'! वीस वर्षांनी, 1996 साली, हा खेळ अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये जाऊन बसला. आता मला सांगा, 22 इंची सायकल, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, सळईचे ब्रेक आणि खाली पावसाळ्यातली काळी माती, एवढ्यावर तोल सांभाळणाऱ्या आमच्या दूधवाल्याला कोणी पदक दिले?

शिवाय भाच्याच्या धोक्यांच्या यादीत दगड होते, मुळ्या होत्या. पण सराटे नव्हते, बाभळीचा काटा नव्हता, आणि दहा वाजताच टाळू तापवणारे खानदेशी ऊनही नव्हते.

उतरताना सगळे नियम पाळले. बूड मागे, पेडलं सरळ. फक्त एका दगडाकडे बघायचे नाही हे लक्षात ठेवण्याच्या भरात त्याच्याकडे एकटक बघत राहिलो. पुढचे आकाशाने पाहिले. गुडघा सोलला. भाच्याने जबरदस्तीने चढवलेल्या हेल्मेटला कानापाशी चीर गेली होती. भाचा काहीच बोलला नाही. नुसता ती चीर बोटाने चाचपत राहिला. त्याचे बोट थरथरत होते. तेव्हा हेल्मेट मी या टीकेतून वगळतो. दूधवाल्यालाही पदकाआधी तेच द्यावे.

पुढच्या चाकात दोन सराटे निघाले. उरलेला उतार पायीच उतरलो. म्हातारी तिथेच होती.

"दखी लिधा का गड, भाऊ?"

"बघितला आजी," मी म्हटले, "अगदी जवळून."