चपट्या माशांच्या कल्ल्यांतील परोपजीवी : स्थाननिर्देशाचा प्रश्न

परोपजीवी कोपेपॉडांच्या याद्यांत यजमान माशाच्या नावापुढे बहुधा ‘कल्ले’ एवढाच शब्द आढळतो. चपट्या माशांच्या बाबतीत हा निर्देश अपुरा ठरतो. लेप किंवा भाकस यांचे दोन्ही डोळे एका बाजूस असतात व दुसरी बाजू तळाच्या चिखलावर टेकलेली असते. अशा असममित देहात वरच्या व खालच्या कल्ल्यांच्या पोकळ्या समान परिस्थितीत असतात, असे गृहीत धरण्यास आधार नाही.

झ्बिग्निएव कबाता यांनी १९५९ मध्ये अकॅन्थोकॉन्ड्रिया या प्रजातीच्या परिस्थितिविज्ञानावर निबंध लिहून या प्रश्नाकडे लक्ष वेधले. परोपजीवीची जागा व त्याची देहरचना यांचा एकत्र विचार करण्याची ही दृष्टी निःसंशय फलदायी आहे. मात्र तिच्या आधारे सरसकट निष्कर्ष काढताना एक भेद विसरला जातो. प्रौढ मादी जेथे सापडते तेथेच तिच्या डिंभाने जागा निवडली, असे त्यावरून सिद्ध होत नाही. इतरत्र चिकटलेले जीव श्वसनाच्या प्रवाहाने वाहून गेले असणेही शक्य आहे. निवड आणि तगून राहणे या दोन भिन्न गोष्टी होत. लर्निओसेरा ब्रँकिआलिसचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. त्याच्या बालावस्था फ्लाउंडरसारख्या चपट्या माशाच्या कल्ल्यांवर वाढतात आणि फलित मादी पुढे कॉडच्या कुलातील माशाकडे जाते. केवळ प्रौढांवरून मांडलेला त्याचा स्थानवृत्तांत अर्धाच राहिला असता.

महाड-पोलादपूर परिसरात हा प्रश्न अधिक बिकट होतो. सावित्रीतील भरतीचा प्रभाव महाडच्या आसपास संपतो. पोलादपूर त्याहून वर, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. येथील अभ्यासकाच्या हाती समुद्रातील लेप येतो तो मेलेला व किनाऱ्याहून वाहतुकीने आलेला. कॅलिगससारखे हालचाल करणारे परोपजीवी मासा मेल्यावर जागा सोडू शकतात. अशा नमुन्यावरून त्यांचे स्थान सांगणे धाडसाचे ठरेल. याउलट अकॅन्थोकॉन्ड्रियाची मादी दुसऱ्या शृंगिकांच्या आकड्यांनी ऊतकात रुतलेली असते व तिचा खुजा नर तिलाच चिकटून असतो. तिची जागा बाजारातील माशावरही बरीचशी विश्वसनीय असते. त्याचप्रमाणे पोलादपूरच्या गोड्या पाण्यात हे परोपजीवी न आढळणे हा त्यांच्या स्थानाविषयीचा पुरावा नव्हे. तेथे मुळात यजमानच नसतो.

तात्पर्य, माशाची डोळस की अंध बाजू, कल्ल्याची कितवी कमान, तंतूचे टोक की तळ, झाकणाची आतील बाजू की पोकळीची भिंत, आणि मासा जिवंत होता की मेलेला, एवढे नोंदविल्याविना ‘कल्ले’ हा शब्द शास्त्रीय निरीक्षण ठरत नाही. किनाऱ्यापासून दूरच्या महाविद्यालयातही ही शिस्त पाळता येते. तिला बोटीची नव्हे, काटेकोर नोंदवहीची गरज आहे.