पार्श्वसंगीत आणि मौन : चित्रपटसंगीताच्या मूल्यमापनाचा एक निकष

१

चित्रपटातील संगीताचा विचार मराठीत आजवर बहुधा गीतांच्या अनुषंगाने झालेला आहे. याला सबळ ऐतिहासिक कारण आहे. संगीत नाटकाने घडविलेला प्रेक्षक बोलपटाकडे वळला, तो पदांची अपेक्षा बरोबर घेऊनच वळला. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट पडद्यावर आला, तेव्हा त्याला संगीतकारही गोविंदराव टेंबे यांच्यासारखा, रंगभूमीवर वाढलेलाच लाभला. साहजिकच चाल, गायकाचा गळा आणि शब्दांचे सौष्ठव हेच चित्रपटसंगीताच्या परीक्षणाचे विषय ठरले. संवादांच्या मागे, दृश्यांच्या खाली आणि दोन प्रसंगांच्या सांध्यावर वाजणारे जे संगीत, त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा 'प्रभावी' किंवा 'प्रसंगानुरूप' एवढे एकच विशेषण आले.

या उपेक्षेमुळे एक गोंधळ रूढ झाला आहे. एखाद्या चित्रपटाचे पार्श्वसंगीत 'स्मरणीय' आहे असे म्हटले जाते, तेव्हा त्या शब्दाचे दोन अर्थ संभवतात. चित्रपटगृहाबाहेर पडल्यावर जी सुरावट ओठांवर येते, ती स्मरणीय, हा एक अर्थ. एखादे दृश्य आठवले की त्याच्याबरोबर जो ध्वनी अटळपणे आठवतो, आणि जो वगळल्यास ते दृश्यच अपुरे होते, तो स्मरणीय, हा दुसरा अर्थ. पहिल्या अर्थाने निवड केली की उत्तम चालींची यादी तयार होते. पार्श्वसंगीताची कला मात्र दुसऱ्या अर्थाने उकलते. त्या अर्थाने पाहू गेल्यास संगीतकाराने काय वाजविले याइतकेच त्याने काय वाजविले नाही, हेही मोजावे लागते. मौनाची जागा ठरविणे हा पार्श्वसंगीतकाराच्या प्रतिभेचा गाभा आहे, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

२

चित्रपट मुका होता तेव्हाही तो निःशब्द वातावरणात क्वचितच दाखविला जाई. पडद्याजवळ पियानो, वाद्यवृंद किंवा आपल्याकडे पेटी-तबला यांची साथ असे. १९०८ साली 'ड्यूक ऑफ गीझची हत्या' या फ्रेंच चित्रपटासाठी कामिय सँ-साँस यांच्यासारख्या मान्यवर रचनाकाराने खास संगीत लिहिले, यावरून या साथीला लवकरच कलात्मक प्रतिष्ठा लाभू लागली होती असे दिसते. तथापि मूकपटात संगीताला मौनाची निवड करण्याची मुभाच नव्हती. दृश्याला अन्य कोणताही आवाज नसल्यामुळे वाद्य थांबणे म्हणजे केवळ पोकळी होती.

बोलपटाने ही स्थिती पालटली. आता शब्द, पाऊल, दार, पाऊस, श्वास हे सारे ऐकू येऊ लागले. आणि संगीत हा त्या ध्वनिसमूहातील एक घटक ठरला. हॉलिवुडमध्ये मॅक्स स्टायनर यांनी 'किंगकाँग' (१९३३) या चित्रपटासाठी विस्तृत वाद्यवृंदाची रचना केली आणि पार्श्वसंगीताच्या एका समर्थ परंपरेचा पाया घातला. महाकाय वानराविषयी भय व करुणा हे दोन्ही भाव जागे करण्यात त्या संगीताचा वाटा मोठा आहे. परंतु याच परंपरेत एक दोषही रुजला. पडद्यावर जे घडते त्याचीच स्वरांत पुनरुक्ती करावयाची ही ती प्रवृत्ती. स्टायनर यांच्याच 'द इन्फॉर्मर' (१९३५) या चित्रपटात ठिबकणाऱ्या पाण्याच्या थेंबाशीही संगीताचा ताल जुळविलेला आहे. कारागिरी म्हणून हे कौतुकास्पद असले, तरी थेंब दिसत असताना स्वरानेही 'थेंब' म्हणावे, यात अर्थाची भर कोणती? संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर असे संगीत वाच्यार्थाचाच अनुवाद करते. व्यंग्यार्थाला ते स्पर्श करीत नाही.

३

अनुवादापासून व्यंजनेकडे जाणारा मार्ग बर्नार्ड हरमन यांच्या कामात स्पष्ट दिसतो. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'सायको' (१९६०) या चित्रपटासाठी त्यांनी केवळ गजाने वाजविल्या जाणाऱ्या तंतुवाद्यांचा मेळ योजला. सुषिरवाद्ये नाहीत, तालवाद्ये नाहीत. भयपटात अपेक्षित असणारे ढोल व तुताऱ्या वर्ज्य करून त्यांनी कृष्णधवल चित्राला साजेसा, एकाच पोताचा ध्वनी निवडला. प्रारंभी नायिका चोरलेली रक्कम घेऊन मोटार हाकीत असते. दृश्यात एक स्त्री, एक रस्ता आणि पाऊस याखेरीज काही नाही. भय आहे ते सर्वस्वी तंतुवाद्यांच्या अस्वस्थ आवर्तनांत. येथे संगीत दृश्याचा अनुवाद करीत नाही, दृश्यात नसलेले सांगते.

स्नानगृहातील हत्येच्या प्रसंगाला संगीत नसावे, अशी दिग्दर्शकाची मूळ इच्छा होती. हरमन यांनी तरीही रचना केली, ती ऐकविली, आणि हिचकॉक यांनी आपले मत बदलले. व्हायोलिनच्या त्या तीक्ष्ण किंकाळ्या आज सर्वश्रुत आहेत. त्या एखाद्या पक्ष्याच्या चीत्कारासारख्या भासतात, आणि पक्ष्यांच्या कलेवरांत पेंढा भरण्याचा छंद असलेला तरुण प्रेक्षकाने थोड्याच वेळापूर्वी पाहिलेला असतो. संगीताने हा धागा शब्दाविना जोडला आहे. मात्र या प्रसंगाची चर्चा करताना त्याचा उत्तरार्ध सहसा विसरला जातो. किंकाळ्या संपतात, खालच्या पट्टीतील काही जड स्वर येतात, आणि नंतर संगीत पूर्णपणे थांबते. उरतो तो केवळ वाहत्या पाण्याचा आवाज. हत्या झाली आहे आणि पाणी मात्र तसेच वाहते आहे, ही निर्विकारता कोणत्याही वाद्याला साधली नसती. किंकाळ्यांची परिणामकारकता या थांबण्यावर अवलंबून आहे.

हरमन यांनी हा विचार पुढे किती नेला, याचा पुरावा 'द बर्ड्स' (१९६३) या चित्रपटात मिळतो. त्यात रूढ अर्थाने पार्श्वसंगीत नाहीच. पक्ष्यांचे आवाज ट्राउटोनियम या विद्युत्वाद्यावर ऑस्कर साला व रेमी गासमान यांनी निर्माण केले, आणि हरमन यांनी ध्वनिविषयक सल्लागार म्हणून काम पाहिले. एवढ्या योग्यतेच्या रचनाकाराने एकही सुरावट न लिहिता चित्रपटाच्या श्राव्य अंगाची जबाबदारी घ्यावी, ही घटना अर्थपूर्ण आहे.

४

संगीत कथेच्या बाहेरून येते, अशी सामान्य समजूत आहे. इटालियन संगीतकार नीनो रोता यांनी फेदेरिको फेलिनी यांच्या 'ला स्त्रादा' (१९५४) मध्ये ती सीमा पुसून टाकली. या चित्रपटातील मुख्य सुरावट प्रथम एका डोंबाऱ्याच्या छोट्या व्हायोलिनवर ऐकू येते. भोळी जेल्सोमिना ती आपल्या तुतारीवर वाजवू लागते. ज्याच्याबरोबर ती गावोगाव हिंडते, तो रांगडा झाम्पानो तिच्या या सुराकडे कधी लक्ष देत नाही, आणि अखेरीस तिला वाटेत सोडून निघून जातो. काही वर्षांनी एका गावात कपडे वाळत घालणारी एक अनोळखी स्त्री तीच सुरावट गुणगुणताना त्याला ऐकू येते, आणि जेल्सोमिना मरण पावल्याचे त्याला तिच्याकडून कळते.

मृत्यूची वार्ता येथे शब्दांच्या आधी स्वराने आणली आहे. ही चाल गोड आहे, हे तिचे खरे बळ नव्हे. ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली, मालकीण गेल्यावरही गावात उरली, आणि ज्याने ती कधी ऐकली नव्हती त्यालाच तिने गाठले, हे तिचे बळ आहे. ही चाल प्रत्येक दृश्याखाली अविरत वाजती, तर त्या गुणगुणण्याला काही अर्थ उरला नसता.

एन्यो मोरिकोने यांनी सेर्जो लेओने यांच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) मध्ये हेच तत्त्व निराळ्या रीतीने योजले. या चित्रपटाचे महत्त्वाचे संगीत चित्रीकरणापूर्वीच रचले गेले होते व चित्रीकरणस्थळी ते वाजविलेही जात असे. तरीही प्रारंभीचा रेल्वे स्थानकावरील प्रदीर्घ प्रसंग संगीताविना आहे. कुरकुरणारी पवनचक्की, टोपीवर पडणारे पाण्याचे थेंब, चेहऱ्याभोवती घोंगावणारी माशी, एवढेच ऐकू येते. त्या शांततेतून नायकाच्या तोंडच्या बाजाचा कर्कश स्वर उमटतो. तो बाजा त्याच्याजवळ का आहे, हे अखेरच्या द्वंद्वयुद्धापर्यंत कळत नाही. आणि कळते तेव्हा त्या स्वरात भावाच्या मृत्यूची आठवण साठलेली होती, हे ध्यानात येऊन मागचे सारे संगीत नव्याने उलगडते. तयार संगीत हाती असूनही ते राखून ठेवण्याचा हा संयम मोलाचा आहे.

५

भारतीय चित्रपटांपैकी 'पथेर पांचाली' (१९५५) याचा विचार या संदर्भात अपरिहार्य ठरतो. सत्यजित राय यांच्या या पहिल्या चित्रपटाचे संगीत पंडित रविशंकर यांनी दिले, आणि त्याचे ध्वनिमुद्रण एका रात्रीच्या प्रदीर्घ बैठकीत पार पडले. वेळ अपुरा होता, पण रचनेत घाई जाणवत नाही. बासरीवरील मुख्य धून ग्रामीण वळणाची आहे. ती बंगालच्या त्या खेड्याची हवा बनून राहते.

या चित्रपटाचा कळस हरिहरच्या पुनरागमनाच्या प्रसंगात आहे. उपजीविकेसाठी दूर गेलेला हरिहर परत येतो. दुर्गा मरण पावली आहे, हे त्याला ठाऊक नाही. आणलेल्या वस्तू तो उत्साहाने दाखवू लागतो. त्यांत दुर्गेसाठी घेतलेली साडीही असते. इतका वेळ दगडासारखी बसलेली सर्वजया ती साडी हाती येताच कोसळते. तिचे तोंड उघडते, परंतु तिचा आक्रोश ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारशहनाईचा, पटदीपातील, तारसप्तकात चढलेला आर्त स्वर येतो. दक्षिणामोहन टागोर यांनी तो वाजविलेला आहे.

येथे मानवी आवाजाला मौन दिले आहे आणि वाद्याला वाणी. पडद्यावर प्रत्यक्ष रडणे ऐकविले असते, तर ते एका आईचे रडणे झाले असते. ते वाद्याकडे सोपविल्यामुळे शोक व्यक्तीपुरता उरत नाही, तो रसाच्या पातळीवर जातो. साधारणीकरणाची जी प्रक्रिया भट्टनायक व अभिनवगुप्त यांनी नाट्याच्या संदर्भात विशद केली, तिचे इतके नेमके श्राव्य उदाहरण चित्रपटात विरळा. पटदीप हा राग या प्रसंगी योजिला म्हणून परिणाम साधला, असे मानणे मात्र अपुरे होईल. तोच राग त्याच वाद्यावर, रडण्याच्या आवाजाखाली साथ म्हणून वाजला असता, तर तो पुन्हा अनुवादच ठरला असता.

६

हा विचार परदेशातून किंवा बंगालमधून मराठीत यावयाचा होता, अशी स्थिती नाही. या सर्व उदाहरणांच्या बरेच आधी, १९३७ साली, पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'कुंकू' हा चित्रपट काढला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि संगीतकार केशवराव भोळे. फसवून वृद्ध वराच्या गळ्यात बांधलेली नीरा हे लग्न मानावयास नकार देते, हा त्याचा विषय. यात पार्श्वसंगीत असे योजलेलेच नाही. घरातील आणि रस्त्यावरील नैसर्गिक ध्वनींवर सारा भार टाकला आहे, आणि वृद्ध पतीच्या घरातील भिंतीवरचे जुने घड्याळ हे तर प्रतीकच झाले आहे.

भोळे यांना संगीत भरता येत नव्हते म्हणून त्यांनी ते भरले नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. 'अमृतमंथन' (१९३४) आणि 'संत तुकाराम' (१९३६) यांचे संगीत त्यांचेच होते. त्यापूर्वी १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकासाठी, पदांच्या गर्दीला फाटा देणाऱ्या रंगभूमीवर, त्यांनी काम केले होते. नीरेच्या घरात तिच्या बाजूने बोलणारे कोणी नाही. अशा वेळी वाद्यवृंदाने तिची बाजू घेतली असती, तर प्रेक्षकाला आयते सांत्वन मिळाले असते. ते नाकारल्यामुळे त्या घराची गुदमर प्रेक्षकाच्याही वाट्याला येते. हा निर्णय दिग्दर्शक आणि संगीतकार या दोघांचा मानावयास हवा. परंतु आपली कला मागे घेण्याचा त्याग मात्र एकट्या संगीतकाराचा होता. मराठी समीक्षेने 'कुंकू'च्या सामाजिक आशयाची आणि गीतांची नोंद घेतली, त्या मानाने भोळे यांच्या या मौनाची फारशी घेतली नाही. केवळ चालींची गणना करणारा निकष वापरला की असे कर्तृत्व निसटून जाते.

७

येथे एक आक्षेप संभवतो. सेर्गेई प्रोकोफिएव यांनी आयझेनस्टाइन यांच्या 'अलेक्झांडर नेव्हस्की' (१९३८) साठी रचलेले संगीत १९३९ मध्ये स्वतंत्र कंटाटाच्या रूपाने सिद्ध झाले आणि मैफलीच्या मंचावर आजही गायिले-वाजविले जाते. त्या चित्रपटाच्या काही भागांत तर दृश्येच संगीताबरहुकूम जुळविली आहेत. मग संगीताने दुय्यमत्व का पत्करावे?

या आक्षेपात तथ्य आहे. चित्रपटाबाहेर टिकणारे संगीत त्यामुळे कमी प्रतीचे ठरत नाही. परंतु मैफलीत त्याची कसोटी रचना म्हणून लागते आणि चित्रपटगृहात संबंध म्हणून. गोठलेल्या सरोवरावरील युद्धाचे संगीत मोठे आहे, कारण शत्रू दृष्टीस पडण्यापूर्वीची प्रतीक्षा ते आपल्या मंद, दबलेल्या स्वरांनी ताणीत नेते; तेथेही गजराचे मोल आधीच्या अवरोधावर ठरते. एकूण पाहता हा आक्षेप निकषाला बाध आणीत नाही, त्याची व्याप्ती मात्र वाढवितो. मौन म्हणजे केवळ शून्य ध्वनी नव्हे. राखून ठेवलेला प्रत्येक स्वर त्यात येतो.

क्षेमेंद्राने औचित्य हे काव्याचे जीवित मानले. पार्श्वसंगीताच्या बाबतीत या औचित्याचा पहिला प्रश्न 'कोणता स्वर' हा नसून 'येथे स्वर हवा काय' हा आहे. 'सायको'तील वाहते पाणी, सर्वजयेचा न ऐकू आलेला आक्रोश आणि नीरेच्या घरातले ते घड्याळ यांना एकाच पंक्तीत बसविणारी समीक्षा मराठीत उभी राहील, तेव्हा केशवराव भोळे यांचे स्थान त्यांच्या चालींच्या बरोबरीने त्यांनी न वाजविलेल्या संगीतावरूनही ठरविले जाईल.