अमीन सयानी यांची निवेदनकला : लिपीविना भाषा आणि श्रोत्यांचा कौल

प्रस्तावना :
मराठी समीक्षेने मुद्रित शब्दाचा जितक्या आस्थेने विचार केला आहे, तितका ध्वनिक्षेपित शब्दाचा केलेला नाही. नभोनाट्य, श्रुतिका आणि 'गीतरामायण' यांची दखल वाङ्मयेतिहासाने घेतली. परंतु दोन गीतांच्या मधल्या जागेत बोलणारा निवेदक मात्र रंजनाच्या खात्यात जमा झाला. वस्तुतः स्वातंत्र्योत्तर भारतात बोली हिंदुस्थानीचा सर्वदूर प्रसार ज्या थोड्या व्यक्तींमुळे झाला, त्यांत अमीन सयानी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. २१ डिसेंबर १९३२ रोजी मुंबईत जन्मलेल्या आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईतच निधन पावलेल्या या निवेदकाच्या कार्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यांची भाषा ज्यांच्यापर्यंत पोहोचली, त्या सर्वांचा कौल त्यांच्या कार्यक्रमात मोजला गेला का, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

जडणघडण : 'रहबर'चा वारसा
सयानी यांच्या भाषेचे मूळ आकाशवाणीच्या स्टुडिओत नव्हे, तर घरात शोधावे लागते. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी या प्रौढ साक्षरतेच्या कार्यकर्त्या होत्या. महात्मा गांधींच्या प्रेरणेने त्यांनी १९४० ते १९६० या काळात 'रहबर' हे पाक्षिक चालविले. नवसाक्षरांसाठी असलेल्या या पाक्षिकाची भाषा सोपी हिंदुस्थानी होती आणि ते देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत निघत असे. भाषा एकच, परंतु वाचक लिपीमुळे विभागलेला. ही अडचण तीन वेळा छापूनच दूर करावी लागत होती. या कामात लहानगा अमीन आईला मदत करीत असे.

त्यांचे शिक्षण ग्वाल्हेरच्या सिंदिया स्कूलमध्ये व पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. थोरले बंधू हमीद सयानी हे इंग्रजीचे नामवंत निवेदक. त्यांच्यामुळे अमीन यांचा नभोवाणीत प्रवेश झाला, तोही इंग्रजी कार्यक्रमांतून. हिंदी निवेदकाच्या चाचणीत आपल्या उच्चारांवरील गुजराती व इंग्रजीची छाप आड आली, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. म्हणजे ज्या भाषेने त्यांना कीर्ती दिली, ती त्यांना आयती मिळालेली नव्हती. ती त्यांनी कमावली, आणि कमावताना 'रहबर'चे सोपेपण सोडले नाही.

धोरण आणि पर्याय :
१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. या मराठी मंत्र्यांना अभिजात संगीताची कळकळ होती आणि चित्रपटगीतांविषयी नापसंती होती. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. याच सुमारास सिलोन नभोवाणीची हिंदी व्यापारी सेवा लघुलहरींवरून भारतभर ऐकू येत होती. ३ डिसेंबर १९५२ रोजी तेथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई, फिती विमानाने कोलंबोला जात आणि तेथून ते गीत पुन्हा भारतातील घराघरांत येई.

केसकरांच्या धोरणाची केवळ टवाळी करणे न्याय्य ठरणार नाही. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला. ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांच्या 'गीतरामायणा'ची छप्पन्न गीते १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाली, तीही याच कारकिर्दीत. सरकारी नभोवाणी लोकप्रिय होऊच शकत नव्हती, हा समज त्यामुळे टिकत नाही. उणीव होती ती वेगळीच. श्रोत्याने काय ऐकावे हे ठरविणाऱ्या या व्यवस्थेत श्रोत्याच्या उत्तराला फारशी जागा नव्हती. 'गीतमाले'ने नेमकी ती जागा दिली. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली आणि पुढे आठवड्याची संख्या ६०,०००च्या वर गेली, असे सयानी सांगत. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेली 'विविध भारती' आणि १९६७ मध्ये मुंबई-पुणे-नागपूर येथे तिच्यावर सुरू झालेले जाहिरात प्रसारण, ही या पत्रांना शासनाने उशिरा दिलेली पोच होय.

निवेदनशैलीची वैशिष्ट्ये :
सयानी यांच्या शैलीची तीन वैशिष्ट्ये विशेष लक्षणीय आहेत. पहिले, संबोधन. सभेतील रूढ क्रम बदलून 'बहनों और भाइयों' असे म्हणताना त्यांनी बहिणींना आधी स्थान दिले. त्या काळी सभेला न जाणारी, परंतु स्वयंपाकघरातून रेडिओ ऐकणारी स्त्री या संबोधनामुळे प्रथमच श्रोतृवर्गाच्या केंद्रस्थानी आली. दुसरे, शब्दयोजना. संस्कृतप्रचुर आणि फारसीप्रचुर अशा दोन्ही टोकांना टाळून त्यांनी बाजारात, रेल्वेत, कारखान्यात चालणारी भाषा निवडली. गीताच्या क्रमांकासाठी त्यांनी वापरलेला 'पायदान' हा शब्द याचे उत्तम उदाहरण आहे. पाय ठेवण्याची जागा असा साधा अर्थ असलेला हा शब्द त्यांच्या तोंडून लोकप्रियतेची पायरी झाला आणि हिंदी वृत्तपत्रांच्या भाषेत कायमचा रुजला. तिसरे, उत्कंठेची रचना. खालच्या पायदानापासून वर चढत जाणारा क्रम, मधली छोटी आठवण वा गंमत आणि शेवटी सर्वोच्च गीत, या बांधणीमुळे सुटी गीते एका कथानकात ओवली गेली. कीर्तनकार जसा पदाच्या आधीच्या निरूपणाने श्रोत्याला पदासाठी तयार करतो, तसेच कार्य येथे निवेदन करीत होते.

वऱ्हाडाच्या दृष्टीने याचे महत्त्व वेगळे आहे. वाशीम, मालेगाव, रिसोड या परिसरातील श्रोत्याची घरची बोली वऱ्हाडी व शाळेची भाषा प्रमाण मराठी. हिंदुस्थानी त्याच्यापर्यंत व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा कानावाटे अधिक आली. 'रहबर'ला तीन लिप्या लागत होत्या. नभोवाणीवरील सयानींना एकही लागली नाही. आईने कागदावर मांडलेला प्रयोग मुलाने लिपीविना तडीस नेला, असे म्हणता येते.

मर्यादा :
तथापि येथेच एक विसंगती उभी राहते. निवेदन लिपीविना होते, पण प्रतिसाद लिपीतूनच द्यावा लागत होता. पत्र लिहिण्यासाठी अक्षरओळख हवी, टपालाला पैसा हवा. पुढे क्रमवारी ठरविताना ध्वनिमुद्रिकांची विक्री आणि श्रोता संघांचा कौल विचारात घेतला जाऊ लागला. म्हणजे ग्रामोफोन असणारा व संघटित असणारा श्रोता मोजला गेला. हॉटेलबाहेर उभा राहून ऐकणारा हमाल, निरक्षर शेतमजूर स्त्री हे श्रोते होते, मतदार नव्हते. सयानींची भाषा सर्वांना सामावून घेत होती. त्यांची मोजणी तसे करीत नव्हती. शिवाय दंतमंजनाच्या जाहिरातीसाठी चाललेल्या या कार्यक्रमाने गीताच्या गुणवत्तेऐवजी त्याचे स्थान चर्चेचा विषय बनविले. आजच्या स्पर्धाधिष्ठित दूरचित्रवाणीचे बीज येथे दिसते. हा दोष एकट्या निवेदकाचा नव्हे; परंतु त्याच्या गोड आवाजामुळे तो झाकला गेला, हे नोंदविणे आवश्यक आहे.

'गीतमाला' १९८९ मध्ये विविध भारतीवर आली आणि १९९४ मध्ये तिचा मुख्य कालखंड संपला. ज्या व्यवस्थेच्या निर्बंधामुळे ती परदेशी नभोवाणीवर वाढली, त्याच व्यवस्थेत ती अखेरीस परतली. २००९ मध्ये सयानी यांना पद्मश्री देऊन शासनानेही त्यांच्या कार्याचा गौरव केला.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, अमीन सयानी यांचे श्रेय केवळ आवाजाच्या माधुर्यात नाही. साक्षरता चळवळीतील सोप्या भाषेचे तत्त्व त्यांनी जनमाध्यमात आणले आणि श्रोत्याला उत्तर देण्याचा हक्क आहे हे मान्य केले. मात्र तो हक्क बजावण्याची साधने सर्वांपाशी नव्हती. म्हणूनच 'गीतमाले'च्या क्रमवारीला त्या काळच्या लोकाभिरुचीचा संपूर्ण पुरावा मानता येत नाही. मोजल्या न गेलेल्या श्रोत्यांच्या आठवणी हा तिचा दुसरा, अलिखित भाग आहे. हा श्रोता आता वृद्ध झाला आहे. मालेगावसारख्या तालुक्यांच्या गावी भाषा विभागांनी विद्यार्थ्यांमार्फत या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या, तर पत्र न लिहू शकलेल्या श्रोत्याचे उत्तर उशिरा का होईना, नोंदले जाईल. हे काम आणखी दहा वर्षे थांबू शकणारे नाही.