उजाड गावातली मुलगी

कसबा पेठेत वाढल्यामुळे गाव बेचिराख होण्याची गोष्ट मला लहानपणीच कळली. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. पुढे जिजाबाई आणि बाल शिवाजींनी सोन्याचा नांगर चालवून ते पुन्हा वसवले, अशी इथली परंपरा. त्यात इतिहास किती आणि आख्यायिका किती, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. उजाड गाव वसवायला आपल्याला आधी एक आई आठवते, एवढे खरे.

'लिसा: द पेनफुल' (२०१४) या व्हिडिओ गेममधल्या जगात आईच उरलेली नाही. ऑस्टिन जॉर्गेन्सन यांच्या या स्वतंत्र निर्मितीत एका लखलखाटानंतर जगातल्या सगळ्या स्त्रिया नाहीशा होतात. ब्रॅड या व्यसनी माणसाला एक तान्ही मुलगी सापडते. तो तिला लपवून वाढवतो, बडी म्हणतो. एक दिवस ती नाहीशी होते आणि आपण ब्रॅड होऊन तिच्या शोधात निघतो.

इथे खेळ कादंबरीच्या पुढे जातो. 'जॉय'ची गोळी घेतली की ब्रॅडचा मार जबर बसतो. नाही घेतली तर ऐन लढाईत त्याचे शरीर साथ सोडते. वाटेत एक शत्रू विचारतो, सोबत्याचा जीव देतोस की स्वतःचा हात? मी हात दिला. पुढचा सारा खेळ त्या दुबळ्या माऱ्यानिशी रेटावा लागला, आणि मध्येच त्या सोबत्याचा मला रागही आला! वाचक म्हणून इतकी क्षुद्र मी कधी झाले नव्हते.

पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सच्या 'राजी'मध्ये (२०२०) बहीण भावाला शोधते; तिच्या हक्काविषयी शंका येत नाही. ब्रॅडविषयी मात्र ती हळूहळू येते. उत्तरभाग 'द जॉयफुल'मध्ये (२०१५) आपण बडी होतो. ब्रॅडने जिला माया म्हटले, ती बडीला कोंडवाड्यासारखी वाटत होती. हा भाग छोटा आहे, शेवटी खुलाशांची घाई होते. तरी तो नसता तर पहिला भाग म्हणजे एका दुःखी पुरुषाची कैफियत ठरली असती.

दोन्हींतला विनोद अनेकदा ओंगळ आहे. आत्महत्या आणि मुलांवरील अत्याचारही त्यांत येतात, तेव्हा ते घरातल्या लहानांच्या हाती देऊ नयेत. मोठ्यांनी मात्र पहिला संपताच थांबू नये. तोवर फक्त ब्रॅडच बोललेला असतो.